पीपी नंबरवर आलेला कंप्युटरवाला

आमच्या घरी फोन आला त्या दिवशी सोलापूरचं ऊन दोन अंशांनी उतरलं होतं, हे मी कुठल्याही देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगायला तयार आहे. वेधशाळेत याची नोंद नसेल, तर वेधशाळेतला माणूससुद्धा त्या दिवशी आमच्याच घरी फोन बघायला आला होता असं समजावं.

गल्ली आमची विणकरांची. वर घर आणि खाली माग, नाहीतर पुढं घर आणि मागं माग. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या त्या मागांचा खडखडाट एवढा, की आमच्याकडची तान्ही पोरं त्या आवाजात झोपायची आणि वीज गेली की दचकून उठायची. अशा ठिकाणी फोनची घंटी ऐकू जाईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. पण ती पहिल्यांदा वाजली आणि एकेक करून माग थांबले. समोरच्या घरातली कोंबडी अर्धं अंडं तसंच सोडून उठली. ते अर्धं अंडं मी बघितलंय.

दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, फोनसाठी नाव नोंदवलं तेव्हा त्याला धड मिसरूड फुटलेली नव्हती. फोन आला त्याच महिन्यात त्याचं लग्न झालं. त्या काळी बायको लवकर मिळायची, फोन मिळायचा नाही. त्यामुळं वरातीपेक्षा फोनच्या वायरीमागं जास्त माणसं चालत होती, असं मी वहिनीला आजही सुनावतो. वहिनी आजही म्हणते, "व्हय की भावजी. आनि वायरीच्या म्होरं नाचत कोन हुतं? तुमीच."

वहिनी मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरची. तिकडं माणसं एका बांधावरून चौथ्या बांधावर बोलतात, मधल्या तीन बांधांना ते ऐकावंच लागतं. तो आवाज घेऊन ती आमच्या गल्लीत आली. दादाला फोन हवा होता तो चार लोकांत मान मिळावा म्हणून. पण मान मिळाला वहिनीला, कारण फोन दादाचा असला तरी गळा वहिनीचा होता.

आता पीपी नंबर म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. ज्याच्या घरी फोन नाही त्यानं शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून द्यायचा आणि त्याच्यापुढं 'पीपी' लिहायचं. आमचा नंबर गल्लीतल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर होता. दुकानांच्या पाट्यांवर होता. एका माणसानं तर तो सायकलच्या मडगार्डवर रंगवून घेतला होता. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, अर्ध्या महाराष्ट्राला सोलापूर ठाऊक होतं ते चादरीमुळं, आणि उरलेल्या अर्ध्याला आमच्या नंबरमुळं.

फोन आला की वहिनी उचलायची. "कोन पायजे?" समोरचा नाव सांगायचा. मग वहिनीचं ठरलेलं वाक्य, "थांबा हं, बोलावते." रिसीव्हर खाली ठेवून ती गॅलरीत यायची आणि हाक मारायची. तेलुगू घराला तेलुगूत, कानडी घराला कानडीत, कोपऱ्यावरच्या चाचांच्या घराला आमच्या सोलापुरी हिंदीत. यातली एकही भाषा तिला धड येत नव्हती. पण प्रत्येक भाषेतलं 'लवकर या, फोन आलाय' तिला असं यायचं, की त्या त्या भाषेच्या पंडितानं मान खाली घालावी. माणूस जिन्यात येईपर्यंत ती परत फोनपाशी जाऊन पलीकडच्याला धरून ठेवायची. "कुठनं बोलताय? गाव कुठलं? पाऊस हाय का तिकडं? जेवन झालं का?" लांबून येणाऱ्या फोनचे पैसे पळत असायचे, पण वहिनीला गाव विचारल्याशिवाय राहवायचं नाही. लोकही सांगायचे. माझा तर असा अंदाज आहे, की आमच्या चार तालुक्यांतलं पाऊसमान त्या काळात फक्त वहिनीलाच अचूक माहीत असायचं.

तिचे नियम कडक. आलेला निरोप आहे तसा द्यायचा, त्यात आपलं मीठ घालायचं नाही. (हा नियम तिनं मला बघूनच केला असावा.) कुणाचा नंबर, कुणाचा पत्ता तिसऱ्याला सांगायचा नाही. आणि कुणी बोलत असेल तेव्हा भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. अक्कलकोटाकडं दिलेली एक पोर दर सोमवारी आईला फोन करायची. दोघी कानडीत बोलायच्या, कानडीत रडायच्या. वहिनी भिंतीकडं तोंड करून उभी, आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी.

"वहिनी, तुला काय कळतंय त्यातलं?" मी विचारलं.

"मी कुटं कान देतीया?" ती म्हणाली. "पन कान काढून खुंटीला अडकवता येत न्हाईत भावजी."

त्या खोलीत केवढं काय झालं! बारसं ठरलं, सोयरीक मोडली, नोकरी लागली. मेल्याची बातमी आली की वहिनी गॅलरीतून ओरडायची नाही. स्वतः जिना उतरून त्या घरी जायची आणि हळू म्हणायची, "फोन हाय." तिला खाली उतरलेलं बघितलं की गल्लीतल्या बायका आधीच पदर डोळ्याला लावायच्या. एकदा ती नुसती कोथिंबीर आणायला उतरली, तर तीन घरांत रडारड झाली.

मग मोबाईल आले. आधी चाचांकडं, मग सगळ्यांकडं. घरोघरच्या माणसांनी आपापले आवाज आमच्या घरातून उचलून खिशात घातले. कुणी भांडलं नाही, कुणी सांगितलंही नाही. जिन्यातली पावलं कमी होत गेली आणि एके दिवशी लक्षात आलं, की आपल्या जिन्यात कुणी चप्पल सोडलेली बऱ्याच दिवसांत दिसली नाही. दादाही गेला. त्यानंतर फोन वाजायचा तो दिवाळीला आणि राँग नंबरला. वहिनी राँग नंबरलाही गाव विचारायची.

चिंचोळीच्या एमआयडीसीतून मी निवृत्त झालो आणि पूर्ण वेळ घरी बसलो, तेव्हा मला जगातल्या सगळ्या चुका दिसायला लागल्या. त्यातली पहिली म्हणजे हा फोन. मी म्हटलं, "वहिनी, हा मुका डबा कशाला पोसायचा? बंद करून टाकू."

वहिनी त्या वेळी फोन पुसत होती. ती रोज पुसायची. म्हणाली, "ह्या फोनवरनं आजपतूर येकबी खोटा निरोप गेला न्हाय भावजी. अख्ख्या गल्लीनं इस्वास ठिवला. आसलं यंत्र बंद करत्यात व्हय?"

"आणि गेला खोटा निरोप तर?"

"तर मीच सांगीन तुमाला, तोडा म्हनून."

पैज अशी ती नव्हती. पण आमच्या हिनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि म्हणाली, "ऐकलंय हं मी." म्हणजे पैजच झाली.

पुढच्याच आठवड्यात फोन वाजला. भर दुपारी. वहिनी पळत गेली. पलीकडं एक गोड आवाजाचा पोरगा, हिंदी बोलणारा. मी शेजारी बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, मी कंप्युटर कंपनीच्या टेक्निकल विभागातून बोलतोय, तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, तो आम्हाला इकडं दिसतोय, ताबडतोब काढला नाही तर सगळं जळून जाईल.

आता आमच्या घरी कंप्युटर नव्हता. मिक्सर होता. दुसऱ्या कुणी "आमच्याकडं कंप्युटर नाही" म्हणून फोन ठेवला असता. पण वहिनीच्या आयुष्यात 'तुमचं' म्हणून आलेला फोन कधीच आपला नव्हता, तो नेहमी गल्लीतल्या कुणाचा तरी होता. आणि गल्लीत घरी कंप्युटर एकाचाच, समोरच्या मामांचा.

"थांबो हं, बुलाती मैं," वहिनी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो मी कैक वर्षांत बघितला नव्हता. पीपी कॉल आला होता!

मामांचं सांगायला हवं. मामा तेलुगू विणकर घरातले, चादरीची नक्षी काढणारे. पूर्वी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवत नक्षी काढायचे. मोर काढला तर पावसाळा लवकर यायचा, असा त्यांचा लौकिक होता. (लौकिक मीच पसरवला होता, पण होता.) पुढं सगळ्या नक्ष्या मुलानं कंप्युटरमध्ये घालून दिल्या. मागांच्या आवाजात जन्म गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी यायचं आणि त्यांना वाटायचं जगालाच कमी येतं, म्हणून ते सगळं ओरडून बोलायचे. त्यांचा 'राम राम' ऐकून नवा माणूस मारामारी समजून पळायचा.

वहिनीनं हाक मारली. मामा झोपले होते. ते उठून, तोंड धुऊन, शर्ट घालून, फोनला जायचं म्हणून केस विंचरून येईपर्यंत वहिनीनं पोराला धरून ठेवलं.

"तुमे किधर के?"

"दिल्ली से, मॅडम."

"दिल्लीत थंडी लई म्हनत्यात. खाना हुआ क्या?"

पोरगा बिचारा बराच वेळ टिकला, मग त्यानं फोन ठेवला. मामा आले तेव्हा नुसता भोंगा वाजत होता. वहिनी मामांवर असली चिडली! "केस कशाला इंचरायचे? तो काय बगनार हाय व्हय तुमाला?"

"वदिना," मामा ओरडले. वहिनीला ते तेलुगूत वदिना म्हणायचे. "इतक्या वर्षांनी फोन आला माझा! असंच कसं यायचं?"

दोन दिवसांनी पोराचा पुन्हा फोन. या वेळी मामा नक्षी पोचवायला बाहेर गेलेले. पोरानं मामांचा मोबाईल नंबर मागितला. वहिनी म्हणाली, "ना. दुसरे का नंबर देते नई. निरोप देव, मैं बोलती." पोरगा विनवायला लागला. वहिनी नियम सोडेना. शेवटी त्यानं विचारलं, मग ते कधी भेटतील? वहिनीनं वेळ दिली, संध्याकाळी चारची. पलीकडून "थँक यू मॅडम" आलं. वहिनी मला म्हणाली, "बगा, किती काळजी हाय पोराला! आपल्या मशीनसाठी तिकडनं सारका फोन करतंय."

मला शंका आली नाही का? आली होती. पण एकतर मी कंप्युटर बघितला होता तो एमआयडीसीतल्या ऑफिसच्या काचेतून, आणि दुसरं, वहिनीच्या पायात इतकी चपळाई आलेली बघून माझी शंका तिथंच बसून राहिली.

संध्याकाळी चारला अर्धी गल्ली आमच्या जिन्यात. पीपी कॉल आलाय ही बातमी पसरली होती. जुन्या सवयीनं बायका हातातलं निवडायचं ताट घेऊनच आल्या. चाचा आले. ते खिशातला मोबाईल बंद करून आले, "शान कम नको व्हायला" म्हणून. आमच्या हिनं चहा टाकला. जिन्यात चपलांचा असा ढीग पडला, की खालून वर यायला शिडी लावावी लागली असती.

फोन आला. पण आता घोटाळा असा, की फोन आमच्या घरात आणि कंप्युटर मामांच्या माडीवर. मामा फोनवर आले तर कंप्युटरपाशी कोण? पोरगा म्हणाला, त्यांच्या मोबाईलवर बोलतो. वहिनी म्हणाली, नंबर देत नसतात. मग गल्लीनंच तोड काढली. पोरगा वहिनीला सांगणार, वहिनी गॅलरीत उभ्या असलेल्या मला, मी समोरच्या दारातल्या मामींना, आणि मामी जिन्यात तोंड घालून माडीवरच्या मामांना. खाली माग चालू. जगातल्या कुठल्याही कंप्युटरला एवढ्या माणसांनी मिळून हात लावला नसेल.

"चालू करा म्हणतोय!" मी.

मामींनी तेलुगूत वर सांगितलं. वरून मामा, "चालूच आहे! सकाळपासून!"

मी वहिनीला, वहिनी पोराला. तोपर्यंत बायकांनी आपलं सुरू केलं होतं. एक म्हणाली, व्हायरस म्हणजे किडाच, तर धुरी द्या. दुसरी म्हणाली, आमच्या मागाला होतं तसं तेल संपलं असेल. मामींनी खरोखरच कंप्युटरवरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. तिखटाचा धूर झाला, मामा खोकायला लागले. पोरगा विचारतोय, काय झालं, काय झालं? वहिनी म्हणाली, "दृष्ट काढते जी. तुमारा काम बोलो तुमे."

पोरगा थकला. त्यानं वरच्या साहेबाला बोलावलं. "होल्ड कीजिए, मेरे सीनियर आ रहे हैं." वहिनीनं रिसीव्हरवर हात ठेवला आणि कौतुकानं जिन्याकडं बघितलं. "त्यांच्यातबी पीपीच हाय गं!"

साहेब मात्र वस्ताद. त्यानं शांतपणे एकेक अक्षर सांगितलं. ते चार तोंडांतून आणि दोन भाषांतून गेलं आणि माडीवर पोचलं. कंप्युटरवर काहीतरी उतरवून घ्यायला सांगितलं, मामांनी घेतलं. एक आकडा विचारला, मामांनी माडीवरून ओरडून दिला. तो आकडा गल्लीच्या टोकाच्या भज्याच्या गाड्यापर्यंत ऐकू गेला. आणि मग मामांची आरोळी आली, आनंदाची.

"अरे! आपोआप चालतोय! बाण आपोआप फिरतोय! माझ्या नक्ष्या उघडतोय एकेक!"

जिन्यातल्या बायकांनी हात जोडले. साहेब वहिनीला म्हणाला, आता त्यांना बँकेचं उघडायला सांगा. आणि तेवढ्यात, माणूस काम करतोय तर त्याला एकटं कसं ठेवायचं म्हणून, वहिनीनं विचारलं, "दिल्ली में थंडी कमी हुई क्या?"

"दिल्ली? हम तो मुंबई में हैं, मॅडम."

वहिनी थांबली. मी तिच्याकडं बघितलं. तिनं भुवया जवळ आणल्या होत्या.

"वो बच्चा दिल्ली बोला था."

"हाँ हाँ, वो... हेड ऑफिस बेंगलोर है, मॅडम. आप बँक का बोलिए."

वहिनीनं रिसीव्हर छातीशी धरला आणि मला म्हणाली, "भावजी, ह्या मानसाला गाव न्हाय."

आमच्याकडं माणूस नाव बदलेल, धंदा बदलेल, पक्ष तर रोज बदलेल. पण गाव विचारलं की एकच सांगतो. मोडनिंबच्या बाजारात चोरीची शेळी विकणारासुद्धा गाव खरं सांगतो म्हणे, खोटं सांगतो ते शेळीचं. एका फोनवर तीन गावं सांगणारा माणूस वहिनीनं आयुष्यात ऐकला नव्हता. आणि मग माझ्याही डोक्यात दिवा लागला. मामांचा हात नसताना बाण फिरतोय, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे. मामांचं सगळं आयुष्य त्या डब्यात होतं. मोर, हत्ती, वेलबुट्टी, त्यांच्या वडिलांच्या हातचं कमळ, सगळं.

मी गॅलरीत गेलो आणि ओरडलो, "मामी, बंद करा!" माझा आवाज मागांच्या खडखडाटात समोरच्या भिंतीपर्यंतसुद्धा गेला नाही. मामी हात हलवत होत्या, काय, काय?

वहिनीनं मला बाजूला सारलं. रिसीव्हर लोंबकळत राहिला. तिनं कठडा धरला, श्वास घेतला, आणि दादा गेल्यापासून जो आवाज कुणी ऐकला नव्हता तो लावला.

"वायर पीकेय्यंडी! वायर काडाऽऽ! निकालो वायर!"

तेलुगूत, मराठीत, हिंदीत. आता माझी अतिशयोक्ती म्हणून सोडून द्या, पण टाकीवरची कबुतरं उडाली ती दोन दिवस खाली बसली नाहीत.

मामांनी ऐकलं. त्यांनी वायर उपटली. पण मामांनीच नव्हे. वहिनीची हाक आली की ती कुणासाठी आहे हे आधी विचारायचं नाही, आधी उठायचं, ही गल्लीची हाडात मुरलेली सवय. त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक घरानं हाताला लागेल ती वायर काढली. पंखे थांबले. फ्रिज थांबले. मागांचे मेन पाडले गेले. इस्त्रीवाल्यानं तर कोळशाची इस्त्री असूनही ती उचलून बाजूला ठेवली.

आणि गल्ली शांत झाली.

वीज असताना एवढी शांतता मी तिथं पूर्वी एकदाच ऐकली होती, तो फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा. लोक बाहेर आले. काय झालं, कुणाचा फोन, म्हणून विचारायला लागले. ओरडावं लागत नव्हतं. कितीतरी वर्षं ज्यांची फक्त तोंडं हललेली बघितली होती, त्यांचे आवाज ऐकू आले. कुणी पायरीवर टेकलं, कुणी चहा घेतला. मामा खाली आले, हातात उपटलेली वायर तशीच, आणि पहिल्यांदा हळू बोलले. "नक्ष्या आहेत सगळ्या. मुलगा येऊन बघेल. पण असाव्यात." त्यांनी बँकेचं काही उघडलंच नव्हतं, कारण तो निरोप वहिनीपाशीच अडकला होता.

मला वाटलं, संपलं. पण वहिनी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं. माग एकदम बंद पाडले की कापडावर आडवा पट्टा उठतो. गल्लीतल्या निम्म्या टॉवेलांवर तो उठला होता. कुणी रागानं नाही, थट्टेनं म्हटलं, "वदिनाचा फोन आला नव्हं, त्याचा पट्टा हाय ह्यो." थट्टा फिरत फिरत वहिनीच्या कानावर आली. ती जिना उतरली. एकेका घरी गेली. दारात उभी राहून म्हणाली, "काल माज्या फोनवरनं खोटा निरोप दिला. दिला मीच. चुकी माजी हाय, पोटात घाला." लोक म्हणाले, अहो वहिनी, काय हे, बसा तरी. ती बसली नाही. मामांच्या दारात मात्र तिचा आवाज गेला. ज्या आवाजानं गल्ली थांबवली होती, तो दोन शब्दांत फुटला.

वर येऊन मला म्हणाली, "भावजी, तोडा."

ज्याच्यासाठी पैज लागली ते हातात आलं, आणि मला नको झालं. मी म्हटलं, उन्हं कमी होऊ देत. मी म्हटलं, टेलिफोन ऑफिसला सुट्टी असते. कुठली सुट्टी विचारल्यावर मी असा सण सांगितला, जो अजून कुणी साजरा केलेला नाही. वहिनी फोन पुसेनाशी झाली होती. त्याच्यावर धूळ साचलेली मी बघत होतो आणि ती फोनला वळसा घालून जात होती.

असा आठवडा गेला असेल. आणि एका दुपारी जिन्यात चप्पल वाजली. मामा. वर चढेपर्यंत त्यांच्या हातातला मोबाईल वाजत होता.

"वदिना! धरा! हा म्हणतोय बँकेतून आलाय. खरा का खोटा, मला कळत नाही. तुम्ही विचारा."

"मला नका देऊ," वहिनी म्हणाली. "माजी पारख गेली."

"पारख गेली?" मामा ओरडले. पुन्हा मूळ आवाजात. "चार तोंडातून गेला त्याचा शब्द! तुमच्या जावेनं ऐकला, या तुमच्या भावजींनी ऐकला, माझ्या बायकोनं ऐकला, मी तर बाण फिरला म्हणून नाचलो! कुणी ओळखला त्याला? तुम्ही ओळखला! धरा!"

वहिनीनं मोबाईल धरला तो निखारा धरावा तसा. "कोन बोलतंय? गाव कुठलं तुमचं?" पलीकडचा काहीतरी बोलला. "त्ये ऑफिस झालं. तुमचं गाव. जलमगाव." पलीकडचा अडखळला. "आनि तिकडं आता पीक कंचं उभं हाय?" खट्. फोन बंद.

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू ही विद्या त्यांनीच वहिनीला शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. मग कोपऱ्यावरची सून. मग भज्याच्या गाड्यावाला, तो तर भजी तळायची सोडून. कुणाला लॉटरी लागलेली, कुणाचं वीज कनेक्शन तुटणार, कुणाचा मोबाईल 'हॅक' झालाय असं सांगणारा कुणी मोबाईलवरच बोलतोय. वहिनी सगळ्यांना गाव विचारते. एकदा खरा बँकेचा माणूस सापडला. तो निघाला माढ्याकडचा, वहिनीच्या मावशीच्या गावचा. त्याला सुटायला इतका वेळ लागला, की बँकेनं त्याला हरवला म्हणून शोधायला माणूस पाठवला असावा.

जिन्यात पुन्हा चपला दिसायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "वहिनी, मग राहू दे ना आता फोन."

"न्हाय," ती म्हणाली. "म्या सांगितलंय तोडा म्हनून. माजा शबुद हाय. आनि त्याच्याकडं आता कोन येतंय? मानसं माज्याकडं येत्यात की."

लाइनमन आला तो गुरुवारी. अंगानं किरकोळ, खांद्यावर पिशवी. वहिनीला भेटून जावं म्हणून थांबला, पण तिच्याभोवती चारपाच माणसं आणि कानाला कुणाचा तरी मोबाईल. ती हातानंच म्हणाली, करा, करा. त्यानं एक कात्री लावली. आवाजसुद्धा झाला नाही. मला वाटलं होतं, निदान एक माग तरी थांबेल.

तो गेल्यावर मी रिसीव्हर उचलून कानाला लावला. काहीच नव्हतं. घूंऽऽ सुद्धा नव्हतं. मी तरी तसाच उभा राहिलो. मला त्यात अक्कलकोटची पोर ऐकायची होती, दादा ऐकायचा होता, तो बाहेरगावी गेला की पोचल्याचा फोन करायचा आणि एवढंच म्हणायचा, "पोचलो," आणि ठेवायचा.

"भावजी!" वहिनी बाहेरून ओरडली. "तितं काय ऐकताय मुक्या डब्याला? हिकडं या. ह्यो म्हनतोय मी सोलापूरचाच हाय. इचारा बरं त्याला, सिद्धेश्वराच्या जत्रंत यंदा त्येनं काय खाल्लं?"